जाड स्वे बार बसवण्याआधी

वळणावर गाडी फार कलते म्हणून जाड स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं कमी करणारा पोलादी दांडा) बसवायचा विचार असेल, तर आधी मिलिमीटर नीट मोजा. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे २० मिमीच्या जागी २२ मिमीचा बार घातला, तर तो दहा नाही, जवळपास ४६ टक्के जास्त ताठ होतो. २४ मिमीचा घेतलात तर दुपटीहून थोडा जास्तच!

दोन्ही चाकं एकदम उचलली गेली, तर बार नुसता बुशमध्ये (बार धरून ठेवणाऱ्या रबरी कड्यांमध्ये) फिरतो, त्यामुळे स्पीडब्रेकरवर फारसा फरक कळत नाही. पण एकच चाक खड्ड्यात गेलं की त्याचा हिसका दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि गाडी डुलायला लागते. खराब रस्त्यावर हे जाम वैताग आणतं.

फक्त पुढचा बार जाड केला तर गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला सरकू पाहते. फक्त मागचा केला तर वळते झटकन, पण ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरू शकते. म्हणून मागच्या बारला लिंक (बारचं टोक चाकाकडच्या भागाला जोडणारी छोटी दांडी) अडकवायला दोन-तीन भोकं असतील तर सुरुवात टोकाकडच्या भोकापासून करा, ते सगळ्यात मऊ. बार जिथे वाकतो त्याच्या जवळचं सगळ्यात ताठ.

लिंकचे नट शेवटचे आवळताना गाडी जॅकवर नको, चारही चाकांवर सपाट जागी उभी हवी. आणि जुने बुश तडकलेले असतील तर आधी तेच बदलून बघा. कदाचित नव्या बारची गरजच पडणार नाही.