विगनला जाताय? या चुका टाळा

फिलिपिन्समधलं विगन हे स्पॅनिशांनी १५७२ मध्ये वसवलेलं शहर, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणं. भर दुपारी काये क्रिसोलोगो या जुन्या घरांच्या गल्लीत दुकानांचा टांगलेला माल आणि फोटोवाल्यांची गर्दीच दिसते. एक मुक्काम कराच. पहाटे गल्ली मोकळी असते, तेव्हा मान वर करून चाला. तळमजला जाड विटांचा, पूर्वी कोठाराचा आणि बग्गीचा; माणसं राहायची वरच्या लाकडी मजल्यावर. तिथल्या सरकत्या खिडक्यांत काचेऐवजी कापिझ शिंपल्याचे छोटे चौकोन बसवलेत. गोव्यातल्या जुन्या घरांतही असेच शिंपले दिसतात. घर आतून पाहताना त्यांना बोट लावू नका. शिंपल्याचे पापुद्रे सुटतात, कडा तुटते.

मनिलाहून अंतर सुमारे ४०० किलोमीटर. रात्रीची बस घेतलीत तर शाल हाताशी ठेवा, एसी फार गार असतो. पहाटे पोहोचलात तर खोली दुपारीच मिळते, म्हणून बॅग ठेवायची सोय हॉटेलला आधीच विचारून घ्या.

काये क्रिसोलोगोची फरशी गोट्यांची आणि उंचसखल आहे. टाचेचे किंवा गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. या गल्लीत मोटारी येत नाहीत, घोडागाडी चालते. तिला कालेसा म्हणतात. बसण्याआधी भाडं तासाचं की फेरीचं, गाडीचं की माणशी, आणि कुठे कुठे थांबणार, हे ठरवा. बांताय घंटाघर त्यात असेल तर वर चढू देतात का, तेही विचारा. जुलै २०२२ च्या ७.० तीव्रतेच्या भूकंपात त्याचं नुकसान झालं होतं.

शाकाहारींची फसगत होते ती एम्पनाडापाशी. आकार करंजीचा, पारी तांदळाच्या पिठाची, केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा. आत किसलेली कच्ची पपई असते, पण सोबत अंडं आणि लोंगानिसा, म्हणजे लसूण घातलेलं डुकराचं सॉसेज. पारी भरण्याआधीच ‘अंडं नको, लोंगानिसा नको’ असं सांगा. तेल मात्र सगळ्यांना एकच असतं, ते चालणार नसेल तर खाऊ नका. चालत असेल तर गरम असतानाच टोक तोडून आत इलोकोसचा, म्हणजे याच भागातला, उसाचा व्हिनेगर ओता, त्याशिवाय तेलकट लागतं.

तोच व्हिनेगर घरी न्यायचा असेल तर बाटली हँडबॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील. झाकणाखाली प्लॅस्टिक लावून, दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत मधोमध ठेवा. मातीचा बुर्नाय रांजण घेण्याआधी तो एकदा उचलून पाहा. हातमागाचं आबेल कापड हलकं असतं, न्यायला तेच सोयीचं.