कुत्र्याला पोहायला शिकवताय? या चुका टाळा

कुत्र्याला जन्मतःच पोहता येतं, असं समजून त्याला पाळीवरून, म्हणजे बांधावरून, थेट बोडीत (गावतळ्यात) फेकलं जातं. पाण्यात पडल्यावर कुत्रं पाय मारतं हे खरं, पण घाबरलेलं कुत्रं पुढचेच पाय मारतं. ते पाण्यावर छपछप आपटतात, मागचा भाग बुडतो, अंग उभं होतं आणि थोड्याच वेळात दम संपतो. वाचलं तरी पुढे पाणी दिसलं की ते पाय रोवून बसतं. ही भीती घालवणं नव्यानं शिकवण्याहून कठीण जातं.

सुरुवात ढोरं पाण्यावर उतरतात त्या सपाट उतारावरून करा, पण ढोरं येण्याआधी. ढोरांच्या आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या आजाराचे जंतू पाण्यात मिसळतात. कुत्र्याला दिलेल्या लशीत लेप्टोची लस होती का, हे आधीच विचारून ठेवा. खुरांच्या खड्ड्यांनी गाळ फार खोल झालेला असेल तर जागा बदला. शिंगाडा लावलेल्या तलावात वेलीत पाय अडकतात. कपाशीवर फवारणी सुरू असेल तर शेताच्या खालच्या अंगाचा नाला टाळा, आणि पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी साय दिसली तर कुत्र्याला ते पाणी पिऊही देऊ नका.

पहिल्या दिवशी तुम्ही टोंगळाभर (गुडघाभर) पाण्यात उभे राहा, कुत्रं त्याच्या पोटाएवढ्या पाण्यात. उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवून बोलवा, ओढू नका. पाच मिनिटं पुरेत. पुढच्या खेपेला त्याचे पाय टेकणार नाहीत इतकं खोल न्या आणि एक हात पोटाखाली, मागच्या पायांच्या जरा पुढे धरा. कंबर वर राहिली की मागचे पाय आपोआप चालू लागतात आणि पुढच्यांची छपछप थांबते. पाठ पाण्याला समांतर दिसू लागली की हात हळूहळू सैल करा. तोंड कायम काठाकडे असू द्या.

शिकवताना कुत्र्याला दोर बांधा. तो पाच-सहा मीटरचा हवा, आणि छातीच्या पट्ट्याला बांधायचा. गळपट्ट्याला बांधलात तर ओढताना गळा आवळतो.

गावात पोरं कमरेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकतात. कुत्र्यावर हा प्रयोग अंगलट येतो. डबा पोटाखाली बांधला तर अंग कलंडतं, कमरेला बांधला तर तोंड खाली जातं. पाठीवर मूठ असलेलं कुत्र्यांचं लाइफ जॅकेट घ्या. माप पुढच्या पायांच्या मागून छातीचं घ्यायचं. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ढील ठेवा. हडकुळ्या गावठी कुत्र्याच्या अंगावर चरबी नसते, ते लवकर बुडतं आणि लवकर गारठतं, म्हणून त्याला जॅकेट जास्त लागतं. पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं खोल पाण्यात नेऊच नका.

सगळ्यात मोठी चूक शेततळ्यावर होते. प्लास्टिकवर शेवाळ धरतं, उतार उभा असतो. चांगलं पोहणारं कुत्रंही काठाला नखं मारत राहतं आणि दमून बुडतं. नुसता दोर सोडून भागत नाही, कुत्र्याला तो धरता येत नाही. जुने टायर एकाखाली एक बांधून पट्टा करा, वरचं टोक पाळीबाहेरच्या खुंट्याला बांधा आणि खालचं टोक पाण्यात मीटरभर बुडू द्या. टायरमधली तार बाहेर आली असेल तर प्लास्टिक फाटेल, तसले टायर नकोत. पाणी खाली गेलं की पट्टा लांबवा. हे करूनही निम्मंच काम होतं. जॅकेट घालून, दोर धरून, तळ्याच्या चारही बाजूंनी कुत्र्याला टायरपर्यंत आणून वर चढवायचा सराव घ्या. घाबरलेलं कुत्रं नवी वाट शोधत नाही, सवयीच्या जागीच जातं. विहिरीला मात्र जाळी किंवा कठडाच हवा, तिथे शिकवण्यासारखं काही नाही.

मे महिन्यात पोहणं सकाळी आठच्या आत उरका. दुपारी पाळीच्या तापल्या मातीनं पंजे भाजतात. हिवाळ्यात उलट, ऊन चढल्यावरच जा. गार पाण्यात फार वेळ पोहल्यावर शेपूट लुळं पडून दुखतं. काही दिवसांच्या आरामानं ते सहसा बरं होतं, तरी डॉक्टरांना दाखवा.

काठी किंवा मोठा चेंडू सारखा फेकत राहिलात तर उघड्या तोंडातून पोटात पाणी जातं. पोट फुगलं, ओकारी आली, चाल झोकांडू लागली, तर रक्तातलं मीठ पातळ झालेलं असू शकतं. थांबून बघू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

पोहून झाल्यावर स्वच्छ पाण्यानं धुवा, कानाचा बाहेरचा भाग फडक्यानं कोरडा करा. काडी आत घालू नका. डोकं सारखं झटकणं आणि कानाला वास येणं ही संसर्गाची खूण. गटांगळ्या खाल्लेल्या कुत्र्यावर मात्र दिवसभर नजर ठेवा. ते झोपलेलं असताना मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास मोजले गेले किंवा खोकला सुरू झाला, तर फुफ्फुसात पाणी गेलेलं असू शकतं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्रीच डॉक्टरांना फोन लावा.