पहिल्या वर्षाचं समाजशास्त्र आणि ‘कशावरून?’ विचारणाऱ्या मॅडम

समाजशास्त्र स्कोअरिंग असतं असं ज्याने तुम्हाला सांगितलं, त्याने ते आमच्या मॅडमच्या हाताखाली केलेलं नाही. मी केलंय. करमाळा तालुक्यातून, मराठी माध्यमातून बारावी करून पुण्यात आले, बीएला हा विषय घेतला, आता एमएला आहे. दर जुलैत हॉस्टेलच्या नव्या मुली खोलीत येऊन एकच विचारतात, ‘ताई, त्या मॅडम खरंच एवढ्या कडक आहेत का गं?’ आहेत. दहापैकी चार मार्क देऊन खाली ‘चांगला प्रयत्न’ लिहितात. नोट्स सांगत नाहीत. शेवटच्या बाकावरच्या मुलीचं नावसुद्धा त्यांना लवकरच पाठ होतं, म्हणजे लपायलाही जागा नाही. तरी त्यांचा पेपर चांगला जाऊ शकतो. कसा, ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे दरवर्षी तेच सांगत बसायला नको.

आधी समासातल्या लाल शाईबद्दल. तपासून आलेल्या कागदावर एकच शब्द जागोजागी दिसेल: ‘कशावरून?’ तुम्ही लिहिता, ‘आजकाल एकत्र कुटुंबं मोडत चालली आहेत.’ कशावरून? आजकाल म्हणजे कधीपासून? मोडली म्हणजे नेमकं काय झालं? त्यांना तुमचं मत चुकीचं वाटत नसतं. मताआधी तुम्ही काय पाहिलंत ते त्यांना हवं असतं. म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याला स्वतःच ‘कशावरून?’ विचारा. उत्तर नसेल तर वाक्य खोडा, नाहीतर तुमच्या नजरेच्या टप्प्यात येईल एवढं लहान करा. ‘आमच्या गल्लीत सख्ख्या भावांच्या चुली वेगळ्या झाल्यात, पण सातबारा अजून एकच आहे आणि पेरणीला सगळे एकत्र येतात’ हे वाक्य त्या खोडत नाहीत. उलट पुढच्या तासाला समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंचा गुजरातमधल्या महुव्याच्या कुटुंबांवरचा १९६४ सालचा अभ्यास काढून दाखवतील. एकत्रपण छपरावरून मोजायचं की मालमत्ता आणि देण्याघेण्यावरून, हाच देसाईंचा मुद्दा होता. तुमच्या गल्लीतून तुम्ही तिथवर आपणच पोचलेल्या असता.

इंग्रजी वाचन

जुलैतच सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९५९ च्या ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ पुस्तकाचं पहिलं प्रकरण इंग्रजीत हातात पडतं. डिक्शनरी घेऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात करू नका, तिसऱ्या पानावर झोप लागते. आधी प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचत शेवटपर्यंत जा. मग मागे येऊन समासात मराठीत एकेक ओळ लिहा: हा माणूस इथे काय म्हणतोय आणि कोणाशी भांडतोय. दुसरा प्रश्न जास्त कामाचा, कारण हे सगळे विचारवंत कोणाशी ना कोणाशी भांडतच असतात. भांडण सापडलं की अवघड इंग्रजीसुद्धा वाट देतं.

मिल्सचं म्हणणं साधं आहे. १ लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचं कौशल्य बघा. ५ कोटी कामकऱ्यांच्या देशात १.५ कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून काही हाती लागणार नाही, समाजाची घडणच तपासावी लागते. याला उदाहरण शोधा म्हटल्यावर आमच्या वर्गातली एक मुलगी सोलापूरचा मोर्चा घेऊन आली. डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमणारी पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर कचेरीवर गेली होती. टीव्हीवर सगळे हसले. घरोघरी मात्र कारणं वेगवेगळी सांगतात: पत्रिका जुळत नाही, पोरगा बोलत नाही, नशीबच तसलं. तिने जनगणनेचा आकडा दिला: २०११ मध्ये महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८९४ मुली. आम्हाला वाटलं, जिंकली.

मॅडम म्हणाल्या, ‘२०११ ला सहा वर्षांचा असलेला मुलगा २०२२ ला किती वर्षांचा?’ सतरा. म्हणजे तो घोड्यावर नव्हता. तिशी ओलांडलेल्या नवरदेवासाठी १९९१ चा आकडा बघायला हवा, आणि तो आहे ९४६. मुली तेव्हाही कमीच होत्या, पण एवढ्याने गणित सुटत नाही. मग जमिनीचे तुकडे, पाण्याचा भरवसा नसणं, बारावी-पदवी झालेल्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी शेतकरी नवऱ्याला नाही म्हणणं, हे सगळं आत येतं. आकडा दिला म्हणजे पुरावा दिला असं नाही. तो आकडा कोणाचा आणि कुठल्या सालचा हेही सांगावं लागतं. त्या मुलीला त्या दिवशी वर्गातले सगळ्यात जास्त मार्क मिळाले, हेही सांगते. मॅडमच्या हातून फाडलं जाणं वाईट लक्षण नाही. ज्यांना त्या काहीच विचारत नाहीत, त्यांनी काळजी करावी.

दरखाईम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं आत्महत्येवरचं १८९७ चं पुस्तक आलं की वर्गात निम्म्या जणी शेतकऱ्यांवर निबंध लिहितात आणि निम्म्या ताणतणावावर. दोन्ही परत येतात. तो एकेका माणसाच्या दुःखाबद्दल लिहितच नाही, वेगवेगळ्या गटांतल्या आत्महत्येच्या दरांची तुलना करतो: प्रोटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त, आणि अचानक भरभराट आली तरी दर वाढतो. हा शेवटचा मुद्दा दोनदा वाचा, परीक्षेत त्याच्यावरच प्रश्न येतो.

वंशावळीचं सबमिशन

हे दिवाळीच्या सुट्टीतलं काम, आणि सगळ्यांत जास्त मार्क इथेच मिळतात. तीन पिढ्यांची नातेसंबंधाची आकृती काढायची. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, वारलेल्यावर तिरकी रेघ. दिसायला पोरखेळ. मुली हॉस्टेलवर बसून आईला फोन करून अर्ध्या तासात उरकतात आणि मग समासात ‘कशावरून?’ची रांग लागते.

घरी जाऊन करा. दुपारी, जेवणं झाल्यावर, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. हाताला काम हवं, शेंगा फोडा, लसूण सोला. वही लगेच उघडू नका. ‘आपल्यात लग्नं कशी होतात?’ असलं काही विचारू नका. त्यावर ‘चांगली होत्यात’ एवढंच उत्तर येतं. माणसं विचारा. ‘तुझी थोरली जाऊ कुठली गं?’ माझी आजी लगेच सुरू झाली: ‘ती केमची. तिची धाकली भन जेऊरला दिली. मला इकडं दिलं त्ये माझ्या आत्यानंच.’ बायकांची नावं मागे पडतात आणि माहेरची गावं राहतात, हे तिथेच कळतं. प्रत्येक वर्तुळाखाली माहेरचं गाव लिहा, मग तालुक्याच्या नकाशावर ती गावं जोडा. आजीच्या पिढीच्या रेघा बैलगाडीने एका दिवसात जाऊन यावं एवढ्याच निघाल्या. आईच्या पिढीत एसटी आली, रेघा लांबल्या. माझ्या चुलतबहिणीची रेघ थेट पिंपरीला.

आता आकृतीकडे बघून विचारा, कोण कोणाला केलं? आमच्याकडे आजी-आजोबांच्या पिढीत मामाची मुलगी केलेली लग्नं आहेत, पुढच्या पिढीत एखादं, आमच्यात एकही नाही. आत्याची मुलगी केलेलं कुठेच नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, ‘येल माघारी आनत न्हाईत.’ म्हणजे दिलेल्या मुलीची लेक तिच्या माहेरी सून म्हणून परत आणत नाहीत. इथे इरावती कर्वे उघडा. १९५३ च्या त्यांच्या पुस्तकात भारताचे नातेसंबंधांच्या दृष्टीने विभाग पाडलेले आहेत. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो, उत्तरेची (मामे-आतेभावंडांत लग्न नाही) आणि दक्षिणेची (चालतं) रीत जिथे एकमेकींत मिसळते तिथे. मामाची मुलगी चालते आणि आत्याची चालत नाही, हे त्या मिसळण्याचंच एक रूप. आधी आजी आणि मग कर्वे, हा क्रम मोडू नका. उलट केलंत तर आजीच्या तोंडी कर्व्यांची वाक्यं येतात, आणि मॅडमना ते दुरून ओळखू येतं.

एक सावधगिरी. प्रत्येक घरात न काढलेलं एखादं वर्तुळ असतंच. माझ्या कागदावर आजोबांच्या पहिल्या बायकोचं वर्तुळ आत्याने नंतर हळूच घालायला लावलं. आजीने तो विषयच काढला नव्हता. असं काही निघालं तर नावं बदला, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय वर्गात बोलू नका. मॅडम बदललेली नावं चालवून घेतात. खरं तर तसं केलंत तर खूश होतात.

आकृतीत जात लिहायची का, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी दबक्या आवाजात विचारतं. लिहावी लागत नाही, ती दिसतेच: तीन पिढ्यांत एकही रेघ जातीबाहेर गेलेली नसते. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचलेला जातींवरचा निबंध नेमका इथूनच सुरू होतो. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात टिकते ती अंतर्विवाहामुळे, म्हणजे जातीतच लग्न करण्यामुळे. आणि अंतर्विवाह टिकवायचा तर नवरा मेलेल्या बाईचं आणि बायको मेलेल्या पुरुषाचं काय करायचं हा प्रश्न सोडवावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्यावरची उत्तरं, असं ते मांडतात. निबंध छोटा आहे, मराठीतही मिळतो. गाईडमधल्या अर्ध्या पानावर भागवू नका. सोबत रविवारच्या पेपरातल्या स्थळांच्या जाहिराती कापून चिकटवा. ‘स्वजातीय’, ‘पोटजात चालेल’, ‘आंतरजातीय चालेल’च्या पाठोपाठ ‘क्षमस्व’ म्हणून घातलेल्या अटी. निबंध शंभरीपार गेलाय, पण त्या पानावर तो आजही वाचता येतो.

निरीक्षणाची वही

दुसऱ्या सेमिस्टरला एक जागा निवडून तिथे बसून टिपणं काढायची असतात. मुली मॉल किंवा एफसी रोड घेतात. नका घेऊ, तिथे सगळं आधीच बघितल्यासारखं वाटतं. मी हॉस्टेलची मेस घेतली. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे दिसलेलं, उजवीकडे वाटलेलं. ‘गर्दी होती’ डावीकडे येत नाही. रांगेत किती जणी, कोण कोणासाठी जागा धरतं, कुठल्या जिल्ह्याच्या मुली कुठल्या टेबलावर, जादा पोळी कोण मागतं आणि कोण मागत नाही, हे डावीकडे. त्याच रात्री स्वच्छ लिहून काढा. सकाळपर्यंत मेंदू गोष्ट रचून मोकळा होतो.

आणि फोटो काढून स्वतःलाच मेल करा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची म्हैसूरकडच्या रामपुरा गावची वर्षानुवर्षांची टिपणं १९७० मध्ये स्टॅनफर्डला आगीत गेली. नंतर त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ ला आलं आणि गाजलं. तुम्ही श्रीनिवास नाही. ‘मॅडम, फोन फॉरमॅट झाला’ यावर मार्क मिळत नाहीत.

स्टाफरूम आणि पेपर

‘मॅडम, काहीच कळलं नाही’ म्हणत स्टाफरूममध्ये जाऊ नका. ‘या परिच्छेदापर्यंत कळलं, इथे अडले’ असं बोट ठेवून जा. मग त्या खुर्ची देतात, वर चहाही विचारतात. एक गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही: वर्गात इंग्रजीत बोलणाऱ्या मुलींना त्या नकळत जास्त वेळ देतात. मराठीत उत्तर लिहिलं तर मार्क कापत नाहीत, पण तोंडी चर्चेत आपण मागे पडतो. उपाय एवढाच, तास सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत हात वर करायचा, मराठीतच. उशीर केला की चर्चा इंग्रजीच्या ताब्यात जाते.

पेपरात दहा मार्कांच्या उत्तराला व्याख्या स्वतःच्या शब्दांत दोन ओळी, मग विचारवंत आणि साल, मग तुमच्या वहीतलं एक उदाहरण नीट उलगडून, आणि शेवटी त्या विचारवंताला कोण आणि का विरोध करतं ते. अप्पा बळवंत चौकातलं गाईड सांगाड्यापुरतं ठीक आहे. त्यातली उदाहरणं मात्र टाळा. तीच वाक्यं मॅडमनी वर्षानुवर्षं वाचलेली आहेत.

प्रोजेक्टचे विषय जानेवारीत नोटीस बोर्डावर लागतात आणि आधी नाव देईल तिला मिळतात. ‘सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम’ याच्यावर उड्या पडतील. पडू द्या. भाजी मंडई, एसटी डेपो, अभ्यासिका, बचत गट यांपैकी जिथे तुमचं आधीपासून जाणंयेणं आहे ते घ्या, आणि नाव द्यायला जाताना पहिला प्रश्न लिहूनच न्या. त्या तो मागतातच.