गटवार मोजणीतले ‘खरे’ आणि ‘खोटे’
पोस्टग्रेस या डेटाबेसमधील हजेरीच्या तक्त्यावरून प्रत्येक तुकडीतील हजर विद्यार्थी मोजताना मी गट पाडणारे ‘ग्रुप बाय’ लावून ‘हजर’ या बूलियन (खरे किंवा खोटे मूल्य ठेवणाऱ्या) रकान्यावर थेट मोजणीचे ‘काउंट’ चालवले, तेव्हा ४० जणांच्या तुकडीत ३८ हजर दिसले. प्रत्यक्षात त्या दिवशी ३१ मुलेच आली होती. चूक माझ्या समजुतीत होती. ‘काउंट’ खरे-खोटे पाहत नाही, ते केवळ नल (म्हणजे रिकामी) नसलेली मूल्ये मोजते, त्यामुळे ‘खोटे’ असलेल्या ७ नोंदीही त्यात आल्या आणि हजेरीच न घेतलेली २ मुले तेवढी वगळली गेली. ‘सम’ही वापरून पाहिले, पण पोस्टग्रेस बूलियनची बेरीज करत नाही (मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ती चालते, कारण तिथे बूलियन म्हणजे लहान पूर्णांकच असतो). अखेर पोस्टग्रेसच्या ९.४ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेले, अटीत बसणाऱ्याच नोंदी मोजू देणारे ‘फिल्टर’ कामी आले: ‘काउंट(*) फिल्टर (व्हेअर हजर)’ आणि गैरहजरांसाठी ‘व्हेअर नॉट हजर’. ३१ आणि ७ हे आकडे बरोबर आले. ‘हजर इज नल’ असा तिसरा स्तंभही मी आवर्जून ठेवला, कारण एकूण संख्येतून हजर वजा केले असते, तर नोंदच न झालेली ती २ मुले विनाकारण गैरहजर ठरली असती.