जुना पिकअप ट्रक घोड्यांचा ट्रेलर ओढण्यासाठी तयार करताना

जुन्या पिकअपला घोड्यांचा ट्रेलर जोडायचा म्हटले की बहुतेकांचे लक्ष प्रथम इंजिनाच्या ताकदीकडे जाते. प्रत्यक्षात सपाट रस्त्यावर वजन ओढणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. तेच वजन उतारावर आवरणे आणि चढावर इंजिन व गिअरबॉक्स तापू न देणे खरे कठीण असते. त्यात घोडा हे उभे आणि जिवंत ओझे आहे. त्याचा गुरुत्वमध्य उंचावर असतो आणि वळणावर किंवा ब्रेक लागताच तो तोल सांभाळण्यासाठी अंगाचा भार सरकवतो. त्यामुळे ताकद वाढवण्याच्या खटपटी मागे ठेवून ब्रेक, कूलिंग आणि चासी यांपासून सुरुवात करावी.

त्याआधी वजनाचा हिशेब कागदावर मांडावा. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर 1,300 किलोचा, प्रत्येकी 500 किलोचे दोन घोडे आणि खोगिरे, चारा व पाणी मिळून 150 किलो धरले, तर एकूण 2,450 किलो होतात. बंपरखालच्या बॉलवर जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागील जोडणीवर, यावा लागतो, म्हणजे येथे सुमारे 245 ते 370 किलो. हा भार ट्रकच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो आणि माणसे व सामान यांचे वजन त्यातच बसवावे लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. शिवाय पुस्तिकेतील आकडे नव्या, गंज नसलेल्या ट्रकचे असतात. जुन्या ट्रकने त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली राहावे, असे माझे मत आहे.

चासी लिफ्टवर घेऊन उजेडात पाहावी. हिचचा रिसीव्हर (बॉलचा दांडा ज्यात बसतो ती चौकोनी नळी) जिथे बोल्टने बसतो ती जागा, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि यू-बोल्ट यांवरचा गंज छोट्या हातोडीने ठोकून बघावा. पापुद्रे सुटत असतील किंवा धातू दबत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत पुढचा खर्च करू नये. वर काळा रंग मारून चकचकीत केलेल्या चासीकडे तर अधिक संशयाने पाहावे. बॉलचे माप कपलरच्या, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकाच्या, मापाशी तंतोतंत जुळले पाहिजे. 2 5/16 इंची कपलर 2 इंची बॉलवर नीट बसल्यासारखा दिसतो, पण खड्ड्यात उसळून निघू शकतो. भाराने बसलेल्या पाट्यांना मदत म्हणून एअरबॅग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी पिशव्या, लावता येतात. त्यांनी ट्रकचा मागचा भाग वर उचलला जातो, भारक्षमता मात्र वाढत नाही.

याच ठिकाणी एक छुपा धोका असतो. अनेक पिकअपमध्ये मागील ॲक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, जो चासी आणि ॲक्सल यांमधील अंतरावरून भाराचा अंदाज घेतो. एअरबॅगने मागचा भाग उचलला की त्याच्या लेखी ट्रक रिकामा ठरतो आणि मागच्या चाकांना कमी दाब मिळतो. म्हणून सस्पेन्शनमध्ये बदल केल्यावर हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घ्यावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर त्यात वाफ होऊन पेडल तळाला जाऊ शकते. त्यामुळे ते केव्हा बदलले याची नोंद नसेल, तर ते बदलूनच टाकावे. रबरी ब्रेक होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगून बंद होऊ लागतात, आणि मग पाय काढल्यावरही एखादे चाक धरलेले राहते. जुन्या ट्रकमध्ये ते सरसकट नवे बसवावेत.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ते इलेक्ट्रिक असतील तर ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर बसवावा, आणि तोही ट्रक किती जोराने थांबतो आहे हे ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावणारा. ठरावीक वेळाने दाब वाढवत नेणाऱ्या स्वस्त प्रकारात घोड्यांना धक्के बसतात. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची केबल ट्रकच्या चासीला अडकवावी, बॉलला किंवा साखळीला नव्हे. सुरक्षासाखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन जोडाव्यात, म्हणजे सुटलेला दांडा जमिनीत न रुतता त्यांच्यावर तोलला जातो.

कूलिंगमध्ये रेडिएटर आतून-बाहेरून स्वच्छ करावा, थर्मोस्टॅट, पट्टे आणि होज बदलावेत व फॅन क्लच तपासावा. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल, तर त्याच्या ऑइलसाठी वेगळा कूलर जोडणे ही या यादीतील सर्वांत फायदेशीर गुंतवणूक आहे. ऑइल तपकिरी झाले असेल आणि जळकट वास येत असेल, तर कूलर लावण्याआधी गिअरबॉक्सच तज्ज्ञाला दाखवावा. डिफरन्शियलचे ऑइल आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) याच खेपेस पाहून घ्यावेत.

टायरच्या बाजूवरील चार आकडी तारीख वाचावी. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेले जुने टायर या कामाला चालत नाहीत. वायरिंगमध्ये बहुतेक दोष अर्थच्या (चासीला जोडलेल्या तारेच्या) गंजलेल्या जोडात सापडतात.

पहिली चाचणी घोड्यांशिवाय, वाळूची पोती भरून करावी. वजनकाट्यावर प्रत्येक ॲक्सलचे वजन घ्यावे, ट्रेलर जमिनीला समांतर उभा आहे का ते पाहावे आणि मोकळ्या, कोरड्या जागेत साधारण 40 किमी वेगाने ब्रेक कंट्रोलर जुळवावा. चाके घसरू लागतील इतका दाब वाढवून मग तो थोडा उतरवावा. पुढे एकच घोडा न्यायचा असेल, तर त्याला रस्त्याच्या मध्याकडील बाजूस उभे करावे, कारण रस्ता कडेकडे उतरता असतो. सुमारे 80 किलोमीटर चालवल्यावर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत आणि प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मध्यभागाजवळ) हात नेऊन पाहावा; एक हब इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागला, तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक शोधल्याशिवाय ट्रेलरमध्ये घोडे चढवू नयेत.