डोक्याला मार लागलेल्या मुलाचं संवादकौशल्य तपासताना या चुका टाळा

"रिपोर्ट नॉर्मल आहे, मग वर्गात याच्याशी कुणी बोलत का नाही?" अपघातातून बऱ्या झालेल्या मुलांचे आईबाबा हे विचारतात, तेव्हा मी आधी फाईल बघते. बहुतेक वेळा मुलाची भाषा तपासलेली असते, संवादाकडे कुणी बघितलेलंच नसतं.

चित्रांची नावं सांगणं, वाक्य पूर्ण करणं, शब्दांचे अर्थ सांगणं यात असं मूल छान गुण मिळवू शकतं. डोक्याला जोराचा हिसका बसला की मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडांवर आपटतो. समोरच्याचा मूड ओळखणं, विषय धरून बोलणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं याची बरीचशी मदार याच भागांवर असते.

शिवाय आपली तपासणीची खोली. दार बंद, समोर एकच मोठं माणूस, तेही धीरानं ऐकणारं. संवादाचं अर्धं ओझं आपणच उचलत असतो. अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्याशी पाऊण तास व्यवस्थित बोलला. बाहेर बाकावर त्याची चुलत भावंडं बसली होती. त्याला त्यांच्यात सोडलं आणि दारातून बघत राहिले. क्रिकेटवर वाद चालला होता. यानं मध्येच शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं काढलं. सगळे हसले, ते विनोदाला की आपल्याला, हे त्याला कळेना. तिसऱ्या मिनिटाला तो आईकडे मोबाइल मागायला गेला. तेव्हापासून मूल घोळक्यात बघितल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही. ते जमत नसेल तर डब्याच्या सुट्टीत काय होतं, हे वर्गशिक्षिकेला विचारते. तिचं आणि आईचं उत्तर जुळलं नाही तरी दोन्ही लिहून ठेवा.

परदेशी चाचणी शब्दशः मराठीत आणू नका. 'टॅसिट'मध्ये नटांचे छोटे व्हिडिओ दाखवून उपरोध ओळखायला सांगतात. चाचणी ऑस्ट्रेलियातली, संवाद इंग्रजी. आपल्या मुलाला तो उपरोध कळला नाही तर दोष कशाचा, मेंदूचा की इंग्रजीचा? त्यापेक्षा उशिरा आलेल्या नातवाला आजी "आलास? एवढ्या लवकर?" म्हणते, तेव्हा तिला काय म्हणायचं असतं, ते विचारा. 'आपण' आणि 'आम्ही' यांतली निवडही ऐका. "आपण उद्या मामाकडे जाणार" असं तो मला सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला धरायचं की वगळायचं, हे त्याच्या लक्षात आलेलं नसू शकतं. (अर्थात "आपण नाय घाबरत"वाला आपण वेगळा, तो मोजू नका.)

बाईंना 'तू' म्हटलं म्हणून लगेच 'सामाजिक भान गेलं' असं लिहू नका. कितीतरी घरांत आजीलाही 'तू'च म्हणतात. अपघाताआधी मूल कसं बोलायचं, हे कळल्याशिवाय काहीच ठरत नाही. लग्नाचे, वाढदिवसाचे जुने व्हिडिओ मागवा. मूल आधीपासूनच अबोल होतं, हे कधीकधी तिथंच दिसतं.

कान तपासलेत ना? कानशिलाच्या हाडाला तडा गेला असेल तर ऐकू कमी येऊ शकतं. झटक्यांच्या काही औषधांची गुंगी आणि दुपारनंतरचा थकवाही विचारात घ्या.

घाईही नको. सकाळचं दुपारी आठवत नाही, अशा गोंधळलेल्या अवस्थेत घेतलेल्या चाचणीवर विसंबता येत नाही. मात्र एकदा तपासून फाईल बंद करणं त्याहून वाईट. मेंदूचा पुढचा भाग विशीपर्यंत घडत असतो. पाचव्या वर्षी लागलेल्या माराचा परिणाम कधीकधी पाचवी-सहावीत दिसायला लागतो, कारण गट, गुपितं, टोमणे तेव्हा सुरू होतात. पुढच्या तपासणीची तारीख फाईलवर आजच टाका.

आणि रिपोर्टमध्ये नुसतं 'संवाद नॉर्मल' लिहू नका. 'एकट्याशी बोलताना अडचण नाही. तिघा-चौघांत विषय सुटतो, दुपारनंतर जास्त' असं लिहिलंत, तर गटात काम देताना त्याला कुणाबरोबर बसवायचं, हे बाईंना ठरवता येतं.