स्प्रेडशीटमध्ये केऑसपर्यंत: लॉजिस्टिक मॅपची आकृती कशी काढायची

लॉजिस्टिक मॅप म्हणजे आधीच्या किमतीवरून पुढची किंमत काढणारं, पुन्हा पुन्हा वापरायचं सूत्र. ते एवढंच आहे: पुढचा क्ष = र × क्ष × (१ − क्ष). क्ष ० ते १ च्या मध्ये, र जास्तीत जास्त ४.

पहिल्या ओळीत र च्या किमती आडव्या भरा: २.८ ते ४, ०.००५ च्या टप्प्याने. २४१ कॉलम होतील. दुसऱ्या ओळीत सगळीकडे ०.३ लिहा. तिसऱ्या ओळीत सूत्र घालून ते बाराशेव्या ओळीपर्यंत ओढा. सूत्रातल्या र च्या सेल-पत्त्यात डॉलर चिन्ह ओळीच्या आकड्याआधी हवं (जसं A$1), नाहीतर खाली ओढताना र घसरतो. सुरुवात ०.५ पासून नको: र = ४ ला तो १ वर जातो, मग कायमचा ०.

आता पहिल्या हजार ओळी सोडा, शेवटच्या दोनशेच स्कॅटर आलेखात घ्या. प्रत्येक ओळ एक मालिका, जोडरेषा बंद, ठिपका सर्वांत बारीक.

र = ३ पर्यंत एकच फांदी दिसते, उंची १ − १/र. ३ ला दोन होतात, ३.४४९५ ला चार, ३.५४४१ ला आठ, ३.५६४४ ला सोळा. सोळा नीट पाहायच्या तर ३.५४ ते ३.५७ हा पट्टा ०.०००१ च्या टप्प्याने पुन्हा काढा. लागोपाठच्या अंतरांची गुणोत्तरं ४.७५, ४.६६ अशी येतात, ती ४.६६९२ या फायगेनबाउम स्थिरांकाकडे जातात. दुपटीची ही साखळी ३.५६९९५ जवळ संपते आणि तिथून केऑस सुरू होतो, म्हणजे सूत्र ठरलेलं असूनही किमती कुठल्याच आवर्तनात बसत नाहीत आणि सुरुवातीचा बारीक फरक झपाट्याने वाढतो.

हमखास फसगत होते ती र = ३ ला. तिथे क्ष इतका सावकाश स्थिरावतो की हजार पायऱ्यांनंतरही दोन किमतींत सुमारे ०.०१५ चं अंतर उरतं. ती खरी फांदी नव्हे. पायऱ्या चौपट केल्यावर अंतर निम्मं झालं, तर तो नुसता संथपणा समजा.

ठिपके विखुरलेले दिसले म्हणजे केऑस, असंही नाही. त्याच किमती ठराविक पायऱ्यांनी परत येण्याचं आवर्तन लांबलचक असू शकतं. त्यासाठी लापुनोव्ह घातांक (बारीक फरक दर पायरीला सरासरी किती वेगाने वाढतो वा घटतो याचं माप) काढा: |र(१ − २क्ष)| चा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन हजारेक पायऱ्यांची सरासरी. ऋण आली तर आवर्तन, धन आली तर केऑस. र = ४ ला ०.६९३ च्या आसपास यायला हवी. तसं नसेल तर आधी सूत्र तपासा. ३.८३ ला मात्र ती ऋण येते, कारण ३.८२८४ ला तीन किमतींच्या आवर्तनाची खिडकी उघडते.

र = ४ ला चूक दर पायरीला सरासरी दुप्पट होते, म्हणून पन्नासेक पायऱ्यांत संगणकाची सगळी अचूकता संपते. र×क्ष×(१ − क्ष) आणि र×क्ष − र×क्ष×क्ष हे बीजगणितात एकच, पण साठाव्या ओळीपर्यंत त्यांचे आकडे वेगळे पडलेले असतात. तेव्हा तिथला एकेक आकडा दुसऱ्याच्या फाइलशी जुळवत बसू नका, सरासरी तेवढी जुळवा.